सायकल शर्यत, बहुटप्पी

शर्यतीचे एकूण अंतर अनेक दिवसांत विभागून, दररोज एक टप्पा याप्रमाणे सार्वजनिक रस्त्यांवरून घेतली जाणारी सायकलींची सांघिक स्पर्धा. प्रत्येक टप्पा ही एक स्वतंत्र शर्यत असते व तिचा विजेता वेगळा घोषित होतो. तथापि सर्व टप्प्यांत मिळून ज्या सायकलपटूस सर्वांत कमी वेळ लागला असेल, तो संपूर्ण शर्यतीचा विजेता ठरतो. अशा शर्यती चार-पाच दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत चालतात. फ्रान्समधील तूर द फ्रान्स, इटलीतील जिरो द इतालिया व स्पेनमधील व्हुएल्ता आ एस्पान्या या तीन आठवड्यांच्या शर्यती जगात सर्वश्रेष्ठ मानल्या जातात. त्यांत प्रत्येकी सामान्यतः एकवीस टप्पे असून तूर द फ्रान्सचे एकूण अंतर सु. ३,४०० किमी. भरते. महाराष्ट्रात २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात झालेली पाच दिवसांची शर्यत याच प्रकारची, परंतु आकाराने लहान होती.

इतिहास : या प्रकाराचा जन्म क्रीडांगणावर न होता वृत्तपत्राच्या कचेरीत झाला. ‘लोतो’ या पॅरिसच्या क्रीडादैनिकाचा खप वाढावा, या हेतूने त्याचे संपादक आंरी देग्रांज यांनी १९०३ साली फ्रान्सभोवती फिरणारी शर्यत आयोजित केली. तीत अवघे सहा टप्पे होते; मात्र पॅरिस ते लिआँ हा पहिलाच टप्पा ४६७ किमी.चा होता आणि स्पर्धकांना रात्रभर सायकल चालवावी लागे. साठ स्पर्धकांपैकी एकवीस जणांनी शर्यत पूर्ण केली. मॉरिस गारँ हा दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धकापेक्षा अडीच तासांहून अधिक आघाडी घेऊन विजयी झाला. जिरो द इतालिया (१९०९) व व्हुएल्ता आ एस्पान्या (१९३५) या शर्यतीही वृत्तपत्रांच्याच पुढाकाराने सुरू झाल्या. ‘लोतो’चा कागद पिवळा, म्हणून तूर द फ्रान्समधील अग्रेसराचा सदरा १९१९ पासून पिवळा झाला, इटलीतील ‘गाझ्झेत्ता देल्लो स्पोर्त’चा कागद गुलाबी, म्हणून तेथील अग्रेसराचा सदरा १९३१ पासून गुलाबी आहे.

प्रारंभीच्या काळात सायकलीची दुरुस्ती स्पर्धकाने स्वतःच करावी, असा कडक नियम होता. १९१३ साली पिरेनीज पर्वतात यूजेन क्रिस्तॉफ याच्या सायकलीचा पुढचा चिमटा मोडला. ती खांद्यावर घेऊन तो कित्येक किमी. घाट उतरला आणि पायथ्याच्या गावातील लोहाराच्या भट्टीत त्याने स्वतः चिमटा सांधला. एका मुलाने भाता हलविला एवढ्या कारणावरून पंचांनी त्याला दंडाची मिनिटे ठोठावली. पुढे १९१९ मध्ये पहिला पिवळा सदरा याच क्रिस्तॉफच्या अंगावर चढला. दंतचक्रे बदलण्याच्या यंत्रणेस तूर द फ्रान्समध्ये १९३७ पर्यंत परवानगी नव्हती. आज मात्र प्रत्येक संघामागून सुट्या सायकली व कारागीर घेतलेल्या मोटारी धावतात. स्त्रियांसाठी तूर द फ्रान्स १९८४ ते १९८९ या काळात पुरुषांच्या शर्यतीसमवेत भरविली गेली; आठ टप्प्यांची नवी शर्यत २०२२ मध्ये सुरू झाली.

टप्प्यांचे प्रकार : मार्गाच्या स्वरूपानुसार टप्प्यांचे तीन मुख्य प्रकार पडतात. (१) सपाट टप्पे : यांत बहुतेक स्पर्धक एकत्रच अंतिम रेषेपर्यंत येतात व शेवटच्या काही शे मीटरांतील वेगवान धावेत विजेता ठरतो. (२) डोंगरी टप्पे : यांत घाट चढताना जथा फुटतो व सायकलपटूंमध्ये मिनिटांची अंतरे पडतात. (३) कालमापन टप्पे : यांत प्रत्येक स्पर्धक, किंवा कधी संपूर्ण संघ, ठराविक अंतराने एकेकटा सोडला जातो व घड्याळ हाच त्याचा प्रतिस्पर्धी असतो. शर्यतीच्या आरंभी घेतल्या जाणाऱ्या आठ किमी.हून कमी लांबीच्या वैयक्तिक कालमापन टप्प्यास ‘प्रोलॉग’ म्हणतात. पहिल्या दिवसाचा अग्रेसर ठरविणे हे त्याचे प्रयोजन होय.

घाट कोणता आहे यापेक्षा तो टप्प्यात कोठे येतो, याला अधिक महत्त्व असते. नाशिक परिसराच्या भूरचनेवरून हे सहज समजते. मुंबईकडून नाशिकला येणाऱ्या मार्गावर कसारा ते इगतपुरी हा थळ घाटाचा सु. ३०० मी. उंचीचा चढ आहे. तो चढल्यावर नाशिकपर्यंत सु. ४५ किमी.चा मार्ग पठारावरून जातो. एखाद्या टप्प्याची अंतिम रेषा नाशिक शहरात आखली, तर घाटात एकट्याने पुढे गेलेल्या सायकलपटूस या ४५ किमी.त मागील जथा बहुधा गाठील आणि विजय सपाटीवरील वेगवान धावकाकडे जाईल. याउलट, नाशिकहून निघून नांदुरीच्या पायथ्यापासून सप्तशृंगगडाच्या घाटात वर टप्पा संपविला, तर सपाटीवरील बलवान सायकलपटू मागे पडतील आणि सडपातळ बांध्याचा चढाईपटू पुढे येईल. मार्ग आखणारा आयोजक अशा रीतीने कोणत्या प्रकारच्या सायकलपटूस संधी द्यावयाची, हे शर्यत सुरू होण्यापूर्वीच काही अंशी ठरवीत असतो.

हवेचा विरोध व जथा : या शर्यतीचे सर्व डावपेच एका भौतिक वस्तुस्थितीवर आधारलेले आहेत. सपाट रस्त्यावर ताशी ४० किमी. वेगाने जाताना सायकलपटूची बहुतांश शक्ती, सु. ८० ते ९० टक्के, हवा बाजूला सारण्यात खर्च होते. हवेविरुद्ध लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग ४० वरून ४४ वर नेण्यास तेवढ्यापुरती सु. एक तृतीयांश अधिक शक्ती लागते. परंतु दुसऱ्याच्या चाकामागे हातभर अंतरावर राहिल्यास हा विरोध पुष्कळ कमी होतो व मागील सायकलपटूची सु. ३० टक्के किंवा त्याहून अधिक शक्ती वाचते. शंभरावर सायकलींच्या दाट जथ्याच्या मध्यभागी तर विरोध एकट्या सायकलपटूच्या तुलनेने अगदी अल्प उरतो. या मुख्य जथ्यास फ्रेंच भाषेत ‘पेलोटाँ’ म्हणतात व तीच संज्ञा जगभर रूढ आहे. चढावर वेग कमी असल्याने आडोशाचा लाभ घटतो व प्रत्येकास आपले वजन स्वतःच्या बळावर वर न्यावे लागते. खरी निवड घाटात होते ती यामुळेच.

बहुतेक टप्प्यांत आरंभीच काही सायकलपटू जथ्यातून निसटतात. त्यांना काही मिनिटांची आघाडी घेऊ दिली जाते व अखेरीस जथा त्यांना गाठतो. ही आकडेमोड रोखठोक असते. पुढील तुकडी ताशी ४२ किमी. व जथा ताशी ४५ किमी. वेगाने जात असेल, तर दर १० किमी.मागे जथा सु. ५७ सेकंद भरून काढतो. म्हणून १० किमी.स एक मिनिट हा ठोकताळा या खेळात प्रचलित आहे. तीस किमी. उरले असता तुकडीची आघाडी तीन मिनिटांहून कमी झाली, तर तिचे यश दुरापास्त समजले जाते. तरीही सायकलपटू निसटतात. कारण जथ्यातील संघांचा हिशेब कधीकधी चुकतो, पाठलागाची जबाबदारी कोणी घ्यावयाची यावर त्यांच्यात एकमत होत नाही, किंवा निसटलेल्यांपासून अग्रस्थानास धोका नसल्याने त्यांना मुद्दाम जाऊ दिले जाते.

संघरचना : विजेता एकटा घोषित होत असला, तरी शर्यत संघाची असते. तूर द फ्रान्समध्ये २०१८ पासून प्रत्येक संघात आठ सायकलपटू असतात. त्यांपैकी एक नायक, एखादा वेगवान धावक, काही चढाईपटू, आणि उरलेले साहाय्यक. साहाय्यकास ‘दोमेस्तिक’, म्हणजे घरगडी, असे म्हणतात. १९११ मध्ये देग्रांज यांनी एका स्पर्धकास हिणविण्यासाठी वापरलेला हा शब्द पुढे त्या कामाचे सन्मान्य नाव झाला. साहाय्यक वाऱ्यासमोर राहून नायकास आडोसा देतो, मागील मोटारीपासून पाण्याच्या बाटल्या सदऱ्यात भरून आणतो, नायकाचे चाक निकामी झाल्यास प्रसंगी स्वतःचे चाक काढून देतो व जथ्यापर्यंत परतण्यास त्याला मदत करतो. आपले काम संपले, की तो सावकाश मागे पडतो. निकालपत्रात त्याचे नाव शंभराव्या क्रमांकावरही असू शकते. पण नायकाच्या विजयात त्याचा वाटा असतो व बक्षिसाची रक्कम संघात वाटून घेण्याची प्रथा ही त्याचीच पोच होय. संघाचा व्यवस्थापक मागील मोटारीतून बिनतारी यंत्रावरून सूचना देतो.

या खेळास तिकीट नाही. प्रेक्षक रस्त्याकडेला उभा राहून तो फुकट पाहतो. त्यामुळे आयोजकाचे उत्पन्न दूरचित्रवाणीचे हक्क, जाहिराती आणि टप्प्याचा आरंभ वा शेवट आपल्याकडे व्हावा म्हणून शहरे देत असलेले शुल्क यांतून येते. संघ पुरस्कर्त्यांच्या पैशावर चालतात व सामान्यतः त्यांचेच नाव धारण करतात. १९५४ मध्ये इटलीच्या फ्योरेन्झो मान्यी याने निव्हिया या चेहऱ्याच्या मलमाच्या कंपनीचे साहाय्य मिळविले, तेव्हापासून सायकल उद्योगाबाहेरील पुरस्कर्त्यांचा मार्ग खुला झाला. पुरस्कर्त्याने हात आखडता घेतला, की चांगला संघही एका हंगामात विसर्जित होतो.

वेळेची गणना व सदरे : प्रत्येक टप्प्यात लागलेला वेळ आधीच्या वेळात मिळविला जातो. एकत्र आलेल्या तुकडीतील सर्वांना तुकडीतील पहिल्या सायकलपटूचाच वेळ दिला जातो. अन्यथा शेवटच्या क्षणी एकेका सेकंदासाठी दीडशे जण जिवावर उदार झाले असते. याच विचाराने सपाट टप्प्याच्या अखेरच्या ३ किमी.त (अलीकडे काही टप्प्यांत ५ किमी.पर्यंत) पडलेल्या किंवा सायकल नादुरुस्त झालेल्या स्पर्धकास तो ज्या तुकडीत होता तिचाच वेळ मिळतो. टप्प्यातील पहिल्या तिघांना अनुक्रमे १०, ६ व ४ सेकंदांची सूट देण्याची पद्धत आहे. निर्धारित मुदतीत न पोहोचणारा स्पर्धक बाद होतो. ही मुदत विजेत्याच्या वेळाच्या टक्केवारीत ठरते व डोंगरी टप्प्यांत ती अधिक सैल असते. विजेत्यास पाच तास लागले व सवलत दहा टक्के असली, तर उरलेल्यांना आणखी अर्धा तास मिळतो. म्हणून घाटात मागे पडलेले धावक व साहाय्यक, संघभेद विसरून, एकत्र तुकडी करून मुदतीच्या आत पोहोचण्याचा प्रयत्न करतात.

एकही टप्पा न जिंकता शर्यत जिंकता येते. अमेरिकेच्या ग्रेग लेमाँड याने १९९० ची तूर द फ्रान्स अशीच जिंकली. त्याआधीच्या वर्षी अखेरच्या दिवशी तो फ्रान्सच्या लोराँ फिन्याँ याच्यापेक्षा ५० सेकंदांनी मागे होता. व्हर्साय ते पॅरिस या २४·५ किमी.च्या कालमापन टप्प्यात त्याने ५८ सेकंद मिळविले आणि सु. ३,२८५ किमी. व ८७ तासांहून अधिक काळ चाललेली शर्यत ८ सेकंदांनी जिंकली. लेमाँडने पुढे झुकून हात टेकण्याचा दांडा व निमुळते शिरस्त्राण वापरले होते. फिन्याँचे डोके उघडे होते.

एकूण वेळाखेरीज इतरही क्रमवाऱ्या असतात. टप्प्यांच्या अखेरीस व मधल्या ठराविक ठिकाणी मिळविलेल्या गुणांसाठी तूर द फ्रान्समध्ये १९५३ पासून हिरवा सदरा. घाटमाथे प्रथम गाठणाऱ्यास १९७५ पासून लाल ठिपक्यांचा सदरा. व तरुण सायकलपटूंत अग्रेसर असणाऱ्यास पांढरा सदरा दिला जातो. मुंबई–पुणे या जुन्या व लोकप्रिय शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ म्हणून गौरविण्याची प्रथा आहे. ती याच कल्पनेची मराठी आवृत्ती म्हणता येईल. मात्र ती शर्यत एकदिवसीय असल्याने बहुटप्पी प्रकारात मोडत नाही.

आहार व विश्रांती : डोंगरी टप्प्यात सायकलपटू दिवसाला ५,००० ते ८,००० किलोकॅलरी ऊर्जा खर्च करतो. ही ऊर्जा एका जेवणातून मिळू शकत नसल्याने तो चालत्या सायकलीवर तासातासाला कर्बोदके घेतो. ठराविक ठिकाणी संघाचे सेवक खांद्यास अडकविण्याच्या कापडी पिशवीतून अन्न देतात. खाण्यात हयगय झाल्यास स्नायूंतील शर्करेचा साठा संपून सायकलपटू काही मिनिटांतच गलितगात्र होतो. तीन आठवड्यांची शर्यत झोप, पचन व जखमा भरून येण्याची शरीराची क्षमता यांवरही जिंकली वा हरली जाते.

धोके व उत्तेजक द्रव्ये : उतारावर सायकलींचा वेग ताशी ८० किमी.च्या वर जातो व चालकाच्या अंगावर पातळ सदऱ्याखेरीज संरक्षण नसते. १९९५ मध्ये इटलीचा फाब्यो कासार्तेल्ली तूर द फ्रान्समध्ये घाट उतरताना पडून मृत्युमुखी पडला. आणखी एका मृत्यूनंतर २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल संघाने व्यावसायिक शर्यतींत शिरस्त्राण सक्तीचे केले. थकव्यावर मात करण्याचा मोह हा या खेळाचा दुसरा धोका होय. १९६७ साली इंग्लंडचा टॉम सिम्पसन माँ व्हाँतू या पर्वतावर चढताना कोसळला व मरण पावला. त्याच्या शरीरात उत्तेजक द्रव्य आढळले. १९९९ ते २००५ या काळातील लान्स आर्मस्ट्राँगची सात विजेतेपदे २०१२ मध्ये रद्द झाली व ती कोणासही देण्यात आली नाहीत. २००८ पासून प्रत्येक व्यावसायिक सायकलपटूच्या रक्तघटकांची दीर्घकालीन नोंद ठेवली जाते व तीतील अनैसर्गिक बदल हा पुरावा मानला जातो. प्रामाणिक साहाय्यकाची उपजीविका या नियंत्रणावर अवलंबून असते. कारण फसवणुकीत सर्वप्रथम त्याची जागा जाते.

नियंत्रण व वर्गवारी : १९०० साली स्थापन झालेला व स्वित्झर्लंडमधील एग्ल येथे मुख्यालय असलेला आंतरराष्ट्रीय सायकल संघ नियम ठरवितो व शर्यतींना वर्ग देतो. वर्गांकातील पहिला आकडा १ असल्यास शर्यत एकदिवसीय व २ असल्यास बहुटप्पी असते. त्यापुढील खूण दर्जा दाखविते. सर्वोच्च जागतिक मालिकेखालोखाल ‘प्रो’, ‘१’ व ‘२’ असे दर्जे आहेत. शर्यतीत मिळालेले गुण सायकलपटूच्या व त्याच्या देशाच्या आंतरराष्ट्रीय क्रमवारीत धरले जातात. ऑलिंपिकमधील रस्ता-शर्यतीचा प्रवेश या क्रमवारीशी निगडित असतो. सायकलीचे किमान वजन ६·८ किग्रॅ. असावे, असाही नियम आहे.

महाराष्ट्रातील स्थिती : महाराष्ट्रात, विशेषतः नाशिक येथे, दीर्घ अंतराच्या सायकल चालविण्याची परंपरा अलीकडच्या काळात जोमाने वाढली आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सु. ४,८०० किमी.ची शर्यत दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ हे ती एकट्याने पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. पाठोपाठ नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीही ती पुरी केली. तथापि ही शर्यत बहुटप्पी नव्हे. तीत घड्याळ रात्रंदिवस चालू राहते. झोपेचा वेळही शर्यतीतच मोजला जातो आणि एकट्या स्पर्धकास दुसऱ्याच्या आडोशाने जाता येत नाही. बहुटप्पी शर्यतीत मात्र रोज संध्याकाळी मुक्काम पडतो व घड्याळ थांबते. डॉ. समर्थ यांनी २०१८ मध्ये पूर्ण केलेली मॉस्को ते व्ह्लादिव्हस्तोक ही सु. ९,१०० किमी.ची शर्यत पंधरा टप्प्यांची होती. नाशिकहून पंढरपूरपर्यंत सायकलींची वारीही निघते. तीत टप्पे व मुक्काम असतात, पण स्पर्धा नसते.

हे सर्व सायकलपटू व्यवसायाने डॉक्टर वा सैनिक होत. सायकल हे त्यांचे उपजीविकेचे साधन नाही. व्यावसायिक स्वरूपाची बहुटप्पी शर्यत महाराष्ट्रात १९ ते २३ जानेवारी २०२६ या काळात पुणे ग्रँड टूर या नावाने झाली. आंतरराष्ट्रीय संघाच्या २.२ या वर्गातील भारतातील ही पहिली शर्यत होय. प्रोलॉग व चार टप्पे मिळून तिचे अंतर सु. ४३७ किमी. होते आणि परदेशी संघांबरोबर भारतीय सायकलपटूंनीही तीत भाग घेतला. तिच्यासाठी पुणे जिल्ह्यातील मार्ग दुरुस्त करावे लागले. कारण जथ्यातील सायकलपटूस पुढच्या चाकापलीकडचा रस्ता दिसत नाही आणि एक खड्डा वीस जणांना पाडू शकतो.

अशी शर्यत भरविण्यासाठी घाट व सुंदर प्रदेश पुरेसे नसतात. काही तास संपूर्ण बंद ठेवता येणारे रस्ते, वाहतूक पोलीस, रुग्णवाहिका, प्रशिक्षित पंच व बंदोबस्त सहन करणारे गावकरी यांची आवश्यकता असते. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे सातत्य. जथ्यात कोपराला कोपर लावून ताशी ५० किमी. वेगाने जाण्याचे कौशल्य एकट्याने सराव करून येत नाही. ते वर्षातून अनेक दिवस शर्यती खेळूनच अंगी बाणते. यूरोपातील सायकलपटूस ही संधी कुमारवयापासून मिळते, तर भारतीय सायकलपटूस ती क्वचित लाभते. कसारा, बोरघाट, सप्तशृंगगड यांसारखे चढ महाराष्ट्रात मुबलक आहेत. त्यांवर दरवर्षी ठराविक काळी शर्यती भरू लागल्या, तर सायकल चालवून पोट भरणारा साहाय्यक सायकलपटू या भूमीतही घडू शकेल. कारण बहुटप्पी शर्यतीचा पाया नायकापेक्षा अशा साहाय्यकांवरच उभा असतो.